सव्वीस आटे

पार्कसाइटच्या चढाखालचा व्हॉल्व्ह
सव्वीस आट्यांत पुरा उघडतो.
एकवीस वर्षं मोजतोय, चूक नाही.
वैशाखात साहेबांचा निरोप आला:
तेवीसवर थांबा.

तेवीसवर थांबलं
की किल्ली हातात जरा उरते.
पानात भात असताना
उठून हात धुवावा तसं होतं.

पहाटेचे चार दहा.
लोखंडी झाकण बाजूला सारतो,
त्या खरखरीवर उठते गल्ली, गजरावर नाही.
पिंपं, कळश्या, रंगाचे रिकामे डबे,
आणि नळाला कान लावून बसलेली
भोईट्यांची सून.
आधी हवा येते म्हणते.
हवेचंच बिल लावतील एक दिवस.

कुणी चहा देतं, कुणी शिवी.
खोपकरांनी एकदा पायरीचे सहा आंबे
पिशवीत घालून सायकलला अडकवले,
एक शब्द न बोलता.
दोन आट्यांचे आंबे.
परत नेऊन दिले, पिशवी राहिली.
चार दिवस डबा त्याच पिशवीतून नेला,
कांदा-भाकरीला आंब्याचा वास.

खालच्या नव्या टॉवरला मोठा पंप आहे.
पण वॉचमन बनसोडे सांगतो,
विजेचा आकडा बघून सेक्रेटरींनी
दुपारची लिफ्ट बंद केली.
सातव्या मजल्यावरच्या बाई
चौथ्याच्या जिन्यात दम खात बसतात,
तिथंच गवार मोडून घेतात.
ओळखी वाढल्या म्हणतो बिल्डिंगमधे.

घरी पोचतो तेव्हा उजाडलेलं असतं.
सुरंगा पंखा बंद करून
मीटरचा लाल ठिपका बघत बसलेली.
"आज हळू लुकलुकतोय," म्हणते,
पोराचा ताप उतरल्यासारखी.
गेल्या महिन्याचं बिल
देव्हाऱ्यात हळदीच्या डबीखाली आहे.
देवाला कळावं म्हणून नाही,
घरात तेवढीच जागा आहे
जिथून कागद उडत नाही.

सिलिंडर परत वाढला.
कितीनं, ते ती सांगत नाही.
भात एका शिट्टीवर उतरवते,
जुन्या गोधडीत कुकर गुंडाळून ठेवते,
उरलेला आपल्याच वाफेवर शिजतो.
चहा एकदाच.
सगळे एकदम उठा, नाहीतर पाणी प्या.
पाणी म्हणाली
आणि तिचं तिलाच हसू आलं.

पेपरात तलावांचे टक्के येतात.
थोरली मोठ्यानं वाचते:
एक नऊ, एक अकरा, एक साडेसात.
"बाबा, सगळे नापास."

आमची खोली चढाच्या टोकाला.
तेवीस आट्यांचं पाणी
दत्ताच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चढतं,
पुढं नाही.
हे मला ठाऊक होतं, तिलाही.
महिनाभर ती खालून दोन कळश्या आणते,
एक डोक्यावर, एक कमरेवर,
आणि बाया तिलाच विचारतात,
"तुमच्या ह्यांच्याकडं तर किल्ली आहे ना?"
ती काय उत्तर देते
मी विचारलेलं नाही.

काल मोजताना कुत्रं भुंकलं.
तेवीस झाले की पंचवीस,
लक्षात राहिलं नाही.
किल्ली पुसली, झाकण लावलं,
वहीत सही केली: तेवीस.

घरी आलो तर मोरीतल्या नळाखाली
अर्धी कळशी भरलेली,
वर एक थेंब पडायचा थांबलेला.
सुरंगानं काही विचारलं नाही.
शेगडी पेटवली,
दुसऱ्यांदा चहा टाकला, आलं ठेचून.
कप पुढं केला
आणि माझ्याकडं न बघता पदरानं ओटा पुसत राहिली,
कोरडाच होता तो.

प्यालो.
चहा चांगला झाला होता.
कुत्रं भुंकलं नव्हतं.